धक्क्यावरचे जुने इंजिन: दुरुस्ती की बदल?

जुन्या मोटरबोटीचे इंजिन दगा देऊ लागले की मालकापुढे तीन प्रश्न एकदम उभे राहतात. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच काम काढायचे की ती वर ओढायची? आहे तेच इंजिन उघडायचे की नवे बसवायचे? आणि काम बंदरावरच्या मिस्त्रीला द्यायचे की कंपनीच्या माणसाला? ससून डॉक, मिरकरवाडा, हर्णे, देवगड, मालवण, कुठेही गेलात तरी हेच प्रश्न ऐकू येतात. मासेमारी नौकेचा नाखवा, प्रवासी लाँचचा मालक आणि गेटवेसमोर बोट नांगरून ठेवणारा हौशी दर्यावर्दी यांची उत्तरे मात्र वेगवेगळी असतात. या लेखात त्या उत्तरांचा आढावा घेतला आहे.

मी सुलतानपूरचा. लोणारजवळचे, जुन्या नागपूर–मुंबई रस्त्यावरचे हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तरीही हा विषय आमच्याकडच्या माणसाला परका नाही. कोकणातल्या हजारो बोटींना ज्या घराण्याची इंजिने ढकलतात, त्याच घराण्याची इंजिने आमच्या रस्त्यावरून ट्रकच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षे धावली. रस्त्यावरच्या मेकॅनिकला त्यातले पिस्टन, लायनर, नोजल तोंडपाठ असतात. ट्रकचे इंजिन बोटीत गेल्यावर नेमके काय बदलते, हे कळले तर पुढच्या बहुतेक मतभेदांचे मूळ सापडते.

ट्रकमधून समुद्रात

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात शिडाच्या होड्यांना इंजिन बसवण्याचे काम देशभर सुरू झाले. केरळात 1952 च्या करारातून इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने पॉल झीनर यांच्यासारखे नौकारचनाकार भारतात पाठवले आणि त्यांनी इथल्या किनाऱ्याला साजेशा लहान यांत्रिक बोटींचे आराखडे काढले. आपल्याकडे सातपाटीसारख्या गावांत मच्छीमार सहकारी संस्थांच्या आधाराने यांत्रिकीकरण लवकर रुजले. सुरुवातीची इंजिने बहुतेक परदेशी होती. ती मंद गतीची, एक-दोन सिलिंडरची आणि वजनाने भारी असत. हळूहळू देशी कारखाने पुढे आले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 सालीच पुण्यात सुरू झाली होती, कमिन्सचा पुण्यातला कारखाना 1962 मध्ये आला, आणि ट्रकसाठी प्रसिद्ध असलेले अशोक लेलँडचे सहा सिलिंडरी इंजिन बोटींतही बसू लागले. त्यातले 370 क्युबिक इंचाचे, म्हणजे सुमारे सहा लिटरचे इंजिन पश्चिम किनाऱ्यावर इतके पसरले की अनेक बंदरांत इंजिन म्हणजे लेलँड असेच समीकरण झाले.

हे केवळ भारतात घडले असे नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या मरीनांमध्ये, म्हणजे हौशी बोटींच्या बंदरांत, आज चाळीस-पन्नास वर्षांच्या ज्या मोटरबोटी उभ्या आहेत, त्यांतल्या अनेकांत फोर्ड लेहमन इंजिने आहेत. फोर्डचे ट्रकसाठीचे इंजिन घेऊन लेहमन कंपनीने ते समुद्रासाठी घडवले होते. डेट्रॉइट डिझेलची 71 मालिका 1938 मध्ये आली आणि ट्रकपासून लष्करी नौकांपर्यंत सगळीकडे चालली. जुन्या बोटींच्या इंजिनांचा इतिहास बऱ्याच अंशी रस्त्यावरच्या इंजिनांचाच इतिहास आहे.

ट्रकमध्ये इंजिनाचे पाणी थंड करायला समोरून वारा मिळतो. बोटीत रेडिएटर नसतो. काही बोटींत समुद्राचे पाणी थेट इंजिनात फिरवतात. काहींत गोड्या पाण्याचा बंद फेरा असतो आणि त्या पाण्यातली उष्णता समुद्राचे पाणी हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांतून काढून नेते. काहींत तेच गोडे पाणी बोटीच्या तळाखाली बसवलेल्या पाइपांतून खेळवतात. सायलेन्सरचेही तसेच. अनेक बोटींत धुरामध्ये समुद्राचे पाणी सोडून तो थंड करतात आणि मग बाहेर टाकतात. ट्रकचा गिअरबॉक्स जाऊन पुढे-मागे नेणारा सागरी गिअरबॉक्स येतो, त्यामागे शाफ्ट, तो बोटीबाहेर पडतो तिथे पाणी अडवणारा स्टर्न ग्लँड आणि पंखा. ब्लॉक, क्रँक, पिस्टन तेवढे तेच राहतात.

या फरकाचा एक नमुना पुरेसा आहे. ट्रक चालू होत नसेल तर मेकॅनिक स्टार्टर पुन्हा पुन्हा मारतो. बॅटरी उतरते, त्यापलीकडे नुकसान होत नाही. ओल्या सायलेन्सरच्या बोटीत समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून तेच केले, तर प्रत्येक फेऱ्यागणिक पंप पाणी ओढत राहतो. इंजिन पेटलेले नसल्याने ते पाणी बाहेर फेकायला धुराचा दाब नसतो. सायलेन्सर भरतो, पाणी उलटे येऊन सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे नुकतेच बांधलेले इंजिन पहिल्याच दिवशी पुन्हा उघडावे लागते. इंजिन लवकर पेटत नसेल तर तो व्हॉल्व्ह बंद ठेवायचा आणि पेटताच उघडायचा, एवढे ज्याला ठाऊक आहे तो बोटीचा मिस्त्री.

बिघाड इंजिनात असतोच असे नाही

दुरुस्ती की बदल या वादात शिरण्याआधी एका गोष्टीवर जवळपास सगळ्या जाणकारांचे एकमत आहे. इंजिन गेले म्हणून जे सांगितले जाते, त्यात इंजिनाचा गाभा शाबूत असण्याची शक्यता बरीच असते.

काळा धूर येतो, बोट ओढत नाही, आरपीएम चढत नाहीत, अशी तक्रार घ्या. काळा धूर म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी. नोजल खराब असेल, एअर फिल्टर तुंबला असेल, किंवा इंजिनावर त्याच्या ताकदीबाहेरचा बोजा पडत असेल. बोटीच्या तळाला कालवे-शिंपले धरले, पंखा वाकला किंवा गरजेपेक्षा मोठा बसवला, तरी लक्षणे हीच दिसतात. अशा वेळी रिंगा बदलून काही साधत नाही. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो किंवा पाण्याच्या वाफेचा. वाफ असेल तर हेड पॅकिंग पाहावे लागते.

इंजिन तापण्याचेही तसेच. समुद्राच्या पाण्याच्या पंपात रबरी इंपेलर असतो. त्याची पाती झिजून तुटतात आणि तुकडे हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत अडकतात. नवा इंपेलर घातला, पण जुने तुकडे शोधले नाहीत, तर इंजिन पुन्हा तापणार. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात आणखी एक गोष्ट घडते. पाणी साठ अंशांच्या वर गेले की त्यातले क्षार आतल्या भिंतींवर बसू लागतात. म्हणून अशा इंजिनांना कमी तापमानाचा थर्मोस्टॅट घालतात. ट्रकसाठीचा थर्मोस्टॅट मिळाला म्हणून तोच बसवला, तर वर्ष-दोन वर्षांत पाण्याच्या वाटा आतून आवळत येतात आणि दोष मात्र इंजिनाच्या वयावर जातो.

मोजमाप आधी आणि पाना नंतर, हे तत्त्व कंपनीचा अभियंता आणि बंदरावरचा अनुभवी मिस्त्री दोघेही मानतात. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, गरम इंजिनाचा ऑइल दाब, पाण्याचे तापमान, पूर्ण थ्रॉटलवरचे आरपीएम आणि ऑइलमध्ये पाणी किंवा धातूचा चुरा आहे का, या पाच नोंदी हातात असतील तर निम्मा वाद तिथेच मिटतो. अडचण अशी, की बहुतेक बोटींत या नोंदी कधी घेतलेल्याच नसतात. गेल्या वर्षीचा आकडा नसेल, तर यंदाचा आकडा चांगला की वाईट हे ठरवायचे कशावरून?

बोट पाण्यात की पाण्याबाहेर

परदेशी मरीनात बोट उचलणारी चाकांची क्रेन असते, धक्क्यावर वीज आणि पाण्याचा नळ असतो. भारतात असा मरीना ही दुर्मीळ गोष्ट आहे. कोचीजवळ बोळगट्टी येथे 2010 मध्ये सुरू झालेला मरीना देशातला पहिला म्हणून ओळखला जातो. मुंबईत बहुतेक हौशी बोटी आजही गेटवेच्या आसपास पाण्यात नांगरलेल्या असतात आणि मासेमारी बंदरांत बोटी एकीला एक खेटून बांधलेल्या दिसतात. पाण्यात की बाहेर हा प्रश्न आपल्याकडे त्यामुळे तत्त्वाचा कमी आणि सोयीचा जास्त आहे.

त्याला ऋतूची चौकट आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. इंजिनाची मोठी कामे याच काळात निघतात. बोटी किनाऱ्यावर घेतल्या जातात, शाकारल्या जातात. सगळ्यांची कामे एकाच वेळी निघाल्याने मिस्त्री, लेथ, क्रँक ग्राइंडिंग, पंप-नोजलची दुकाने या सगळ्यांकडे रांग लागते. काम बंदीच्या काळात संपले नाही, तर हंगामातले सर्वात मोलाचे पहिले आठवडे हातचे जातात.

पाण्यातच काम करावे असे म्हणणाऱ्यांची बाजू अशी: हेड काढणे, नोजल, पंप, हीट एक्स्चेंजर, स्टार्टर, अल्टरनेटर यांसाठी बोट वर घेण्याची गरज नसते. ओले लायनर असलेल्या इंजिनात लायनर आणि पिस्टनही जागेवर बदलता येतात. शिवाय इंजिन आणि शाफ्टची रांग तर पाण्यातच जुळवावी लागते. लाकडी बोट जमिनीवर टेकवली की तिचा सांगाडा किंचित वाकतो आणि पाण्यात उतरल्यावर पुन्हा वेगळा बसतो. म्हणून बोट पाण्यात सोडून एक-दोन दिवस मुरू द्यावी आणि मग कपलिंगच्या दोन चकत्यांमधली फट फीलर गेजने मोजावी, अशी रीत आहे. कपलिंगचा व्यास 100 मिलिमीटर असेल तर फटीतला फरक 0.1 मिलिमीटरपर्यंत चालतो, असा सर्वत्र रूढ असलेला ठोकताळा आहे. जमिनीवर जुळवलेली रांग पाण्यात चुकते, आणि मग गिअरबॉक्सचे सील व बेअरिंग खराब होतात.

बोट वर घ्यावी असे म्हणणाऱ्यांचीही बाजू तितकीच वजनदार आहे. क्रँक काढायचा झाला तर इंजिन उचलावेच लागते. ट्रकमध्ये खाली झोपून सम्प उतरवता येतो. बोटीत इंजिन लाकडी बेडवर दोन बाजूंनी आवळलेले असते आणि खाली हात घालायलाही जागा नसते. हलत्या बोटीत चेन पुलीला लटकलेले अर्ध्या टनाहून जड इंजिन हा जीवघेणा प्रकार आहे. शाफ्ट, पंखा, स्टर्न ग्लँड आणि तळाचे व्हॉल्व्ह पाण्यात असताना नीट तपासताच येत नाहीत. इंजिन नवेकोरे केले आणि जुना व्हॉल्व्ह तसाच राहिला, तर बोट धक्क्यावर उभ्या उभ्या बुडू शकते.

या दोन टोकांच्या मधली एक वाट आपल्या किनाऱ्याने फार पूर्वीच काढली आहे. मुंबईजवळ उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार-पाच मीटरने चढते-उतरते. भरतीला बोट योग्य जागी आणून बसवायची आणि ओहोटीला ती कोरडी पडली की दोन भरत्यांमधल्या तासांत पंखा, शाफ्ट, तळ उरकून घ्यायचा. याला पैसा कमी लागतो, मात्र वेळेचा नेमका अंदाज लागतो. अंदाज चुकला आणि काम अर्धवट राहिले, तर भरती कोणासाठी थांबत नाही.

धरणांच्या जलाशयांत प्रश्न पुन्हा वेगळा आहे. कोयनेच्या शिवसागरात तापोळा, बामणोली भागातल्या लाँचना खाऱ्या पाण्याचा त्रास नाही. तिथे उन्हाळ्यात पाणी उतरत जाते, काठ दूर सरकतो आणि बोट ओढून घ्यायला कायमची जागाच उरत नाही.

दुरुस्ती की बदल

सगळ्यात जास्त मतभेद इथे आहेत, आणि तिन्ही बाजूंना अनुभवाचा आधार आहे.

पहिली बाजू म्हणते, जुने यांत्रिक इंजिन जपा. त्यात संगणक नाही, सेन्सर नाहीत, इंजेक्शन पंप पूर्ण यांत्रिक आहे. समुद्रात पंचवीस मैलांवर बंद पडले तरी तांडेल आणि खलाशी मिळून ते चालू करू शकतात. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगचे संच ट्रकच्या बाजारात मिळतात. ब्लॉकला तडा नसेल आणि क्रँकला अजून ग्राइंडिंगचा वाव असेल, तर फुल इंजिनाचे काम काढूनही खर्च नव्या इंजिनापेक्षा पुष्कळ कमी राहतो.

दुसरी बाजू म्हणते, गाभ्याचे भाग मिळतात हे खरे, पण सागरी भाग मिळत नाहीत. पाण्याची जाकीट असलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, हीट एक्स्चेंजरचा गाभा, जुन्या सागरी गिअरबॉक्सच्या चकत्या हे शोधता शोधता हंगाम निघून जातो. मग वेल्डिंग, ब्रेझिंग, लेथवर घडवलेले तुकडे यांवर भागवावे लागते. शिवाय जुने इंजिन डिझेल जास्त खाते.

इथे हिशेब मांडून पाहणे बरे. एखादी बोट सरासरी 45 किलोवॅट ताकद वापरत चालते असे धरू. जुने इंजिन एका किलोवॅट-तासाला 230 ग्रॅम डिझेल घेत असेल आणि नवे 210 ग्रॅम, तर फरक तासाला एक लिटरच्या किंचित वर जातो. वर्षाला दोन हजार तास चालणाऱ्या मासेमारी नौकेचे यात दोन हजारांहून अधिक लिटर वाचतात. लिटरला ₹90 धरले, तर ही बचत पावणेदोन ते दोन लाखांच्या घरात जाते. वर्षाला शंभर तास चालणाऱ्या हौशी बोटीचे वाचतात जेमतेम शंभर लिटर, म्हणजे नऊ-दहा हजार रुपये. तेवढ्यासाठी नवे इंजिन घेणे परवडणारे नाही. एकाच इंजिनाबद्दल दोन जाणकार उलट सल्ला देतात तेव्हा दोघेही बरोबर असू शकतात. बोट वर्षाला किती तास चालते, हे आधी विचारायला हवे.

बदलाच्या बाजूने आणखी एक अडचण येते, तिची चर्चा कमी होते. नवे इंजिन हलके, वेगवान आणि बहुधा जास्त ताकदीचे असते. त्याचे बेड वेगळे, गिअरचे प्रमाण वेगळे, पंखा वेगळा. जुन्या बेडवर नवे इंजिन बसवले आणि जुनाच पंखा ठेवला, तर ते कायम बोज्याखाली राहते किंवा मोकळे धावते. इंजिनाचे वजन बदलल्याने बोटीचा तोलही बदलतो. इंजिनाच्या किमतीपलीकडचा हा खर्च कर्ज काढताना धरलेला नसतो. राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जांतून आपल्या किनाऱ्यावर अनेक यांत्रिक नौका आल्या आणि त्या कर्जांची थकबाकी हा मच्छीमार संस्थांचा जुना घोर आहे. ज्याच्या डोक्यावर पहिले कर्ज आहे, तो दुरुस्तीच निवडणार.

तिसरी बाजू नवी आहे: डिझेलच नको, वीज घ्या. केरळात वैकोमची ‘आदित्य’ ही सौर फेरी 2017 पासून चालते आणि कोची वॉटर मेट्रोच्या विजेवरच्या बोटी 2023 मध्ये सुरू झाल्या. ठरलेला छोटा मार्ग आणि दर फेरीला चार्जिंगचा धक्का असेल तिथे हे जमते, हे त्यातून सिद्ध झाले. खोल समुद्रात अनेक दिवस राहणाऱ्या मासेमारी नौकेला आजच्या बॅटऱ्या पुरत नाहीत, हेही तितकेच स्पष्ट आहे. जुन्या लाकडी प्रवासी लाँचमध्ये मोटर आणि बॅटरी बसवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. ते धक्क्यावरच्या विजेशिवाय निरुपयोगी ठरते.

दोन इंजिनांच्या बोटीत आणखी एक पेच असतो. एक इंजिन बिघडले, तर दुसरेही उघडावे का? दोघांचे तास सारखे, इंधन सारखे, मालकही तोच. काही जण एकाच वेळी दोन्ही करतात, मजुरी वाचते. काही जण मुद्दाम एकच करतात, म्हणजे दोन्ही इंजिने एकाच वेळी नव्या कामाच्या कच्च्या काळात नसतात. मला दुसरे म्हणणे पटते. दोन इंजिने असण्याचा हेतूच एक बंद पडले तरी घरी परतता यावे हा आहे.

मिस्त्री, कंपनी आणि शाळा

बंदरावरचा मिस्त्री कान लावून इंजिन ओळखतो आणि मध्यरात्रीही येतो. कंपनीचा माणूस मापाची हत्यारे, मूळ सुटे भाग आणि वॉरंटी घेऊन येतो, पण जून-जुलैत त्याची वाट पाहावी लागते. जुन्या इंजिनाचे मूळ भाग बंद झाले असतील, तर तोही नवे घ्या यापलीकडे फारसे सुचवू शकत नाही. दोघांत उजवे-डावे ठरवण्यापेक्षा त्यांच्यातले अंतर कसे कमी होईल, हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

त्यासाठीच्या सोयी अगदी नाहीत असे नाही. राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग वर्सोव्यासह किनाऱ्यावरच्या केंद्रांतून सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिन देखभाल व परिचालन असे सहा महिन्यांचे प्रशिक्षण मच्छीमार तरुणांना देतो. केंद्र सरकारची सिफनेट ही संस्था 1963 पासून कोचीत आहे आणि तिची केंद्रे चेन्नई व विशाखापट्टणम येथे आहेत. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम जिल्ह्याजिल्ह्यांत चालतो, आमच्या बुलढाण्यातही. त्यातून बाहेर पडलेल्या मुलाला इंजिन येते, समुद्र येत नाही. सागरी भागांचा छोटा जोडअभ्यासक्रम त्याला मिळाला, तर विदर्भातल्या मुलालाही किनाऱ्यावर काम मिळेल आणि जून-जुलैच्या रांगा आखूड होतील. मला यात मोठी शक्यता दिसते.

डिझेल बदलले, पेट्रोल बदलले

एप्रिल 2020 पासून देशात भारत स्टेज सहा प्रतीचे डिझेल आले. त्यात गंधक दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त नसते. जुन्या इंजेक्शन पंपांना त्यामुळे वंगण कमी पडते आणि रबरी सील सुकतात, अशी तक्रार मिस्त्री करतात. तेल कंपन्यांची बाजू अशी की वंगणक्षमतेचा निकष मानकातच आहे आणि त्यासाठी पूरक द्रव्य मिसळले जाते. दोन्हींत तथ्य आहे. गंधक काढताना डिझेलची मूळची वंगणशक्ती कमी होते आणि पूरक द्रव्याने ती भरून येते. जुने सील मात्र एका प्रकारच्या डिझेलमध्ये फुगलेले असतात, रचना बदलली की ते आकसून गळू शकतात. सील नव्या रबराचे घातले की हा त्रास बहुधा थांबतो.

पेट्रोलच्या आउटबोर्ड इंजिनांचा प्रश्न जास्त गंभीर आहे. 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आता सर्वत्र आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. पावसाळ्यात बोट दोन महिने उभी राहिली तर टाकीत पाणी आणि इथेनॉल खाली, पेट्रोल वर असे थर पडू शकतात. जुन्या इंजिनातल्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे भाग या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. टाकी रिकामी करून ठेवणे आणि नळ्या बदलणे हाच आजचा व्यवहार्य उपाय.

पावसाळ्याच्या मुक्कामाबद्दलही एकमत नाही. काही जण दर आठवड्याला इंजिन थोडा वेळ चालू करतात. काहींच्या मते बोज्याशिवाय मंद चालवण्याने इंजिन नीट तापत नाही, ऑइलमध्ये ओल साठते आणि सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन रिंगांची पकड जाते. त्यापेक्षा नवे ऑइल भरावे, सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, धुराची आणि हवेची तोंडे बंद करावीत आणि इंजिनाला हात लावू नये. इंजिन उत्पादकांच्या सूचना साधारणपणे या दुसऱ्या पद्धतीकडे झुकतात. कोकणच्या पावसात उघड्या धुराड्यातून पाणी आत जाते, हे पाहता मलाही तीच बरी वाटते.

बिल्जमधले तेल

इंजिनाचे काम धक्क्यावर केले की जुने ऑइल, डिझेल, ग्रीस बोटीच्या तळात, म्हणजे बिल्जमध्ये उतरते, आणि तिथून पंपाने बंदराच्या पाण्यात. मोठ्या जहाजांना सांडपाण्यात दहा लाखांत पंधरा भागांपेक्षा जास्त तेल सोडता येत नाही आणि त्यासाठी यंत्रणा बसवावी लागते. लहान बोटींना अशी यंत्रणा सक्तीची नाही. जमिनीवर मात्र 2016 च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचरा ठरते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते.

मालक म्हणतात, द्यायचे कुठे? धक्क्यावर टाकी नाही. बंदर प्रशासनाचे म्हणणे असते की टाकी ठेवली तरी ऑइल तिथे येत नाही, कारण जुन्या ऑइलला बाजारात भाव मिळतो. दोन्ही तक्रारी एकत्र वाचल्या तर वाट दिसते. सहकारी संस्थेनेच ऑइल विकत घेऊन अधिकृत ठिकाणी द्यावे. ही संस्था डिझेल विकतेच. ऑइलचे पैसे मिळत असतील, तर ते पाण्यात कोणी ओतणार नाही. बिल्जमध्ये सांडलेल्या तेलाचा प्रश्न मात्र याने सुटत नाही, त्याला इंजिनाखाली ट्रे आणि शोषक कापड लागेल.

चाचणी कुठे घ्यायची

इंजिन बांधून झाले की ते बोज्याखाली चालवून पाहावे लागते. धक्क्याला दोर आवळून पुढचा गिअर टाकणे ही पहिली पायरी असते. त्याने गळती आणि तापमान कळते, पूर्ण वेग कळत नाही. तो कळायला बोट बाहेर काढावी लागते. यातला धोका 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात देशाने पाहिला. इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी फेरीवर आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. इंजिनातल्या बिघाडामुळे बोटीवरचे नियंत्रण सुटल्याचे नौदलाने तेव्हा सांगितले.

त्यानंतरची बरीच चर्चा लाइफ जॅकेट आणि प्रवासीसंख्या यांवर झाली, आणि ती आवश्यकच होती. दुरुस्त केलेल्या इंजिनाची चाचणी कोणत्या पाण्यात, कोणत्या वेळी, किती वेगाने घ्यावी, हा प्रश्न त्यामानाने मागे राहिला. प्रवासी बोटींचे सर्वेक्षण आणि परवाने राज्यात महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत, मासेमारी नौकांची नोंदणी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, आणि 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आतल्या पाण्यांना लागू होतो. चाचणीची जागा ठरवून देणे, ती वाहतुकीच्या मार्गापासून दूर ठेवणे, इमर्जन्सी स्टॉप चालतो याची खात्री धक्क्यावरच करून घेणे, हे तिन्ही चौकटींत सारखे लिहिले जायला हवे.

काय सुटलेले नाही

दुरुस्त केलेले जुने इंजिन किती तास टिकते आणि नवे किती, याची आपल्या किनाऱ्यावरची आकडेवारी जमवल्याशिवाय दुरुस्ती की बदल हा वाद अनुभवाच्या गोष्टींवरच चालणार. जागेवर बसून केलेल्या कामाची वॉरंटी कोणी द्यायची, ट्रकचा भाग बोटीत घातल्यावर विमा कंपनीने दावा कसा पाहायचा, मोठ्या इंजिनाकडे धावणाऱ्या नौकांना ताकदीची मर्यादा असावी का, या मुद्द्यांवर मालक, विमा कंपन्या आणि मत्स्यतज्ज्ञ यांची मते आजही दूर आहेत. ताकद वाढली की जाळे मोठे होते, जाळे मोठे झाले की मासळी घटते, मासळी घटली की लांब जावे लागते आणि आणखी मोठे इंजिन लागते. इंजिनाची चर्चा इथे मासळीच्या चर्चेत मिसळते आणि ती एकट्या मिस्त्रीच्या हातची राहत नाही.

एक काम मात्र कोणाच्याही निर्णयाची वाट न पाहता सुरू करता येईल. मच्छीमार सहकारी संस्थांनी डिझेलच्या वहीसोबत प्रत्येक बोटीसाठी इंजिनाचे एक पान ठेवावे. त्यावर दर वर्षी 1 जूनला तास, कॉम्प्रेशन, ऑइल दाब, तापमान आणि पूर्ण आरपीएम लिहावेत, आणि जे भाग बदलले ते तारखेसह नोंदवावेत. पाच वर्षांनी कोणाचे म्हणणे खरे होते ते त्या पानांवरूनच वाचता येईल. संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी येत्या बंदीच्या काळापासून हे सुरू करावे, अशी माझी विनंती आहे.